‘ब्लंट’ म्हणजे परखड की फटकळ?

नीरजा: इंग्रजीतून करतेय त्या अनुवादात एकाच प्रकरणात तीन पात्रं आली आहेत. स्वभावाने एक फ्रँक, एक कँडिड, एक ब्लंट. कोशात तिन्हींपुढे ‘स्पष्टवक्ता’ हा अर्थ सापडतो. मराठीत फरक कसा ठेवायचा? आणि उलटं, ‘रोखठोक’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

कोशकिडा: बोलण्याची झळ कोणाला बसते ते बघा. कँडिड माणूस बहुतेक वेळा स्वतःला अडचणीचं ठरेल असं काहीतरी कबूल करतो. निवडणूक हरलेला नेता मुलाखतीत आपल्या चुका सांगतो, तो कँडिड. फ्रँकमध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघं असतात: तुझ्यापासून काही लपवत नाही, हा भाव. ब्लंटमध्ये ऐकणाऱ्याची भीड ठेवलेली नसते, झळ त्यालाच बसते. म्हणून ‘ही वॉज कँडिड अबाउट हिज मिस्टेक्स’ सहज वाटतं; तिथे ब्लंट घातलं तर वाक्य अडखळतं. ‘तुझं काम टाकाऊ आहे’ असं तोंडावर सांगणारा साहेब मात्र ब्लंटच.

मुळंही पाहा. कँडिड हा लॅटिनमधल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दापासून आला. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) घालत, म्हणून कँडिडेट. फ्रँक हे फ्रँक टोळीचं नाव. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, सत्ता त्यांची, त्यामुळे शब्दाला आधी ‘स्वतंत्र’ असा अर्थ आला आणि नंतर ‘मोकळेपणाने बोलणारा’. टपालातलं फ्रँकिंगही (पाकिटावर तिकिटाऐवजी मारलेला शिक्का) याच ‘मोकळं, शुल्कमुक्त’मधून आलंय. ब्लंटचे जुने अर्थ बोथट आणि मठ्ठ. त्यातून अडाणी, रांगडा आणि मग आजचा अर्थ. मराठी माणूस इथे गोंधळतो, कारण आपल्याकडे लागणारं बोलणं धारदार, तिखट, टोचणारं असतं. इंग्रजी ब्लंट टोचत नाही, सोट्यासारखं बसतं. टोचणाऱ्यासाठी त्यांच्याकडे शार्प आहे, आणि त्यात स्पष्टपणापेक्षा राग जास्त.

मुद्रितशोधक: मग नीरजा, कँडिडला ‘प्रांजळ’ घ्या. हा शब्द हल्ली कमी दिसतो, पण नेमका बसतो. फ्रँकला ‘मोकळा’ किंवा ‘आडपडदा न ठेवता बोलणारा’. ब्लंटला लेखकाचा सूर पाहून ठरवा. कौतुक असेल तर रोखठोक, नापसंती असेल तर फटकळ. फक्त फटकळमध्ये जिभेवर ताबा नसल्याची छटा आहे. ब्लंट माणूस मोजून चारच शब्द बोलणाराही असू शकतो.

परखड मी ब्लंटला वापरणार नाही. परखडपणात विचार आणि अधिकार गृहीत आहे: परखड समीक्षा, परखड मत. त्याच्या जवळ फोर्थराइट येतो. सडेतोड बहुधा उत्तराला लागतं. निर्भीडला आउटस्पोकन, पण आउटस्पोकन माणसाची मतं चारचौघांत, जाहीरपणे मांडलेली असावी लागतात. घरात बायकोला खरं सांगणारा आउटस्पोकन ठरत नाही. तुटक बोलण्याला कर्ट. त्याचं मूळच ‘आखूड कापलेलं’. घाईत, तुसडेपणाने बोललं तर ब्रुस्क. टर्स म्हणजे नुसतं मोजकं. ते उद्धट असेलच असं नाही.

‘रोखठोक’ला प्लेन-स्पोकन चालेल. व्यवहारातल्या माणसाबद्दल असेल तर नो-नॉनसेन्स जास्त जवळचं.

अनघा_पुणे: उलट दिशेचे खड्डे जास्त आहेत. ‘ती त्याच्याशी फार फ्रँक आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला ‘मोकळेपणाने वागते, संकोच नाही’ म्हणायचं असतं. इंग्रज वाचक त्याचा अर्थ ‘त्याला खरं ते स्पष्ट सांगते’ असा घेतो. आपल्या अर्थासाठी ‘शी इज कम्फर्टेबल विथ हिम’ लिहावं. ‘ही इज व्हेरी स्ट्रेट’ लिहाल तर आज पहिला अर्थ लैंगिक कलाचा घेतला जाईल. स्वभावाने सरळ माणसाला ‘सिंपल’ म्हणणं तर टाळाच, ते बुद्धीवर जातं. स्ट्रेटफॉरवर्ड माणसाला चालतं, पण अर्थ ‘आडवळणं न घेणारा’. त्यात तोडून बोलणं नाही.

ब्लफही फसवतो. पत्त्यांमुळे आपल्याला थापच आठवते, पण विशेषण म्हणून तो मोठ्या आवाजाचा, रांगडा, मनाने चांगला स्पष्टवक्ता.

चिटणीस: कचेरीच्या पत्रव्यवहारासाठी थोडं. वाक्याच्या सुरुवातीला ‘फ्रँकली’ टाकलं की वैताग ऐकू येतो, तो ई-मेलमधून काढावा. ‘टु बी ब्लंट’ हे स्वतःबद्दल म्हणता येतं, कारण ती आधीच दिलेली सूचना असते. समोरच्याला ‘यू आर ब्लंट’ म्हटलं तर तो ठपका. अभिप्राय मागताना कँडिड योग्य: ‘प्लीज बी कँडिड’. ब्लंट मागितलंत तर तसंच मिळेल. शिफारसपत्रात डायरेक्ट किंवा फोर्थराइट ठेवा. आउटस्पोकन लिहिलंत तर वाचणारा ‘हा सांभाळायला अवघड’ असं वाचण्याची शक्यता बरीच.

राजनैतिक निवेदनांची गंमत वेगळी. ‘फ्रँक चर्चा झाली’ याचा मराठी अर्थ ‘मोकळी चर्चा’ असा छापून येतो. प्रत्यक्षात सूचित असतं की मतभेद मिटले नाहीत.

नीरजा: ‘टु कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे शब्दशः फावड्याला फावडंच म्हणणं, हेही त्याच प्रकरणात आहे.

कोशकिडा: मूळ वाक्यात फावडं नव्हतंच. मॅसिडोनियाचे लोक रांगडे, टबाला टबच म्हणतात, असं तिथल्या फिलिप राजाच्या तोंडी प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने दिलंय. ग्रीक शब्द लाकडी टब किंवा कुंडाचा. डच विद्वान इरॅस्मसने लॅटिनमध्ये आणताना त्याचं खणायचं अवजार केलं आणि त्याचा इंग्रज अनुवादक निकोलस युडॉलने 1542 मध्ये इंग्रजीत स्पेड आणला. अमेरिकेत विसाव्या शतकात ‘स्पेड’ कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला गेला, त्यामुळे तिथले बरेच जण आज हा वाक्प्रचार टाळतात. अनुवादात ‘आहे ते आहे तसं बोलणं’ पुरे, फावडं आणू नका.

‘शूट फ्रॉम द हिप’ मात्र या गटात धरू नका. त्यात स्पष्टपणा नसून अविचार आहे. मुष्टियुद्धातून आलेलं ‘स्ट्रेट फ्रॉम द शोल्डर’ हवं.

मुद्रितशोधक: आणि ‘मिन्स वर्ड्स’ जवळजवळ नेहमी नकारातच: ‘ही डझन्ट मिन्स वर्ड्स’. मिन्स म्हणजे खिमा करणं. शब्दांचे बारीक तुकडे करून ते मऊ करत नाही. ‘भीडभाड ठेवत नाही’ बसतं. पॉइंट-ब्लँकची जोडी नकाराशी लावा: ‘रिफ्यूज्ड पॉइंट-ब्लँक’, साफ नाही म्हणाला.

अनघा_पुणे: ब्रुस्कचा उच्चार अमेरिकेत ‘ब्रस्क’ होतो. पात्र अमेरिकन असेल आणि शब्द संवादात तसाच ठेवणार असाल, तर लिप्यंतर तसं करा.