विल्सननी टिळकांना खरंच पत्र लिहिलं होतं का?

शाळामास्तर:
१ ऑगस्टला शाळेत लोकमान्यांवर पंधरा मिनिटं बोलायचंय. मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनी ठोकून दिलं होतं की अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी टिळकांना स्वहस्ते पत्र लिहून हिंदुस्थानला स्वयंनिर्णयाचं वचन दिलं. टाळ्या पडल्या. नंतर नववीतल्या एका मुलीने मला गाठून विचारलं, "सर, मग पाळलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. या वर्षी ती दहावीत आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. असं पत्र खरंच होतं का?

पेठकर:
होतं. टिळक चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला होते, हॉवले प्लेसमध्ये राहत होते. २ जानेवारी १९१९ ला त्यांनी विल्सनना पत्र लिहिलं, सोबत स्वयंनिर्णयावरची पुस्तिका. उत्तरही आलं. बाकी आवकजावक काकांना विचारा, त्यांचा लाडका विषय आहे.

आवकजावक:
लाडका वगैरे काही नाही हो. जिल्हा परिषदेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी आवक-जावक टेबलावर. त्यामुळे कुठलंही सरकारी पत्र हातात आलं की आधी सही बघतो, मग तारीख, मजकूर सगळ्यात शेवटी. हे उत्तरही तसंच वाचलं.

सही विल्सन यांची नाही. गिल्बर्ट क्लोज यांची आहे. हे पॅरिसला राष्ट्राध्यक्षांबरोबर गेलेले सचिव. म्हणजे पाहुण्यांचं "स्वहस्ते" तिथेच गेलं.

आता तारखा. टिळकांनी पत्र लिहिलं त्या दिवशी विल्सन इटलीच्या वाटेवर गाडीत होते. डिसेंबरच्या शेवटी ते लंडनला येऊन गेले, ७ जानेवारीला पॅरिसला परतले. उत्तर त्यानंतरच्या आठवड्यात निघालं. पहिल्या महायुद्धानंतरची पॅरिसची शांतता परिषद भरली १८ जानेवारीला. म्हणजे परिषद बसायच्या आधीच पत्राचा निपटारा झाला होता. इतक्या झटपट जावक होणारी पत्रं कुठल्या प्रकारची असतात, ते माझ्या टेबलावर बसलेल्या कोणालाही विचारा.

मजकुराचा सारांश असा: पत्राबद्दल राष्ट्राध्यक्ष आभारी आहेत, आणि हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न यथावकाश योग्य त्या अधिकाऱ्यांकडून विचारात घेतला जाईल. "घेतला जाईल" बघा. कोण घेणार? योग्य ते अधिकारी. कधी? यथावकाश. ही पोच आहे मास्तर. आपल्याकडची "उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे अग्रेषित" तीच. अशी हजारभर तरी मी स्वतः टाइप केली असतील.

आमच्याकडे एक आजोबा यायचे. वरच्या कार्यालयातून आलेली अशीच दोन ओळींची पोच त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. दर महिन्याला टेबलावर ठेवायचे, बोट लावून म्हणायचे, "साहेबांनी मंजूर केलंय." पाझर तलावाचं काम होतं. मंजूर काहीच नव्हतं, फक्त पोचलं होतं. हे त्यांना सांगायची हिंमत मला पहिल्या वर्षी झाली नाही.

विल्सन यांचं खरं पत्र कसं असतं ते बघायचं तर १९०७ चं बघा. तेव्हा ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख होते. रेल्वेतल्या एड्रियन जोलाइन नावाच्या बड्या माणसाला त्यांनी लिहिलं की ब्रायन यांना एकदाचं कायमचं निकालात काढायची काही सभ्य युक्ती सापडली तर बरं. ब्रायन म्हणजे त्यांच्याच पक्षाचे पुढारी! पाच वर्षं पत्र जोलाइनकडे पडून राहिलं आणि १९१२ च्या जानेवारीत, विल्सन उमेदवारीसाठी धडपडत असताना, वॉशिंग्टनमधल्या पक्षाच्या मेजवानीच्या तोंडावर बरोबर छापून आलं. मेजवानीत त्यांना ब्रायन यांची भरभरून स्तुती करावी लागली. ब्रायन यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट अधिवेशनात त्यांना मदतच केली. ४६ व्या फेरीत उमेदवारी मिळाली आणि पुढे ब्रायन परराष्ट्रमंत्री झाले. हे पत्र वाचताना माणूस दिसतो. क्लोज यांच्या पत्रात फक्त कार्यालय दिसतं.

सावरी:
काका, पटलं, पण टिळकांना त्या आजोबांच्या रांगेत बसवू नका. पोच म्हणजे काय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मार्चमध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांनाही लिहिलं. दिल्ली काँग्रेसने त्यांना प्रतिनिधी नेमलं होतं, पण पॅरिसला जायला सरकारने पासपोर्ट दिला नाही. हिंदुस्थानतर्फे बसले ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि सिन्हा. दरवाजा बंद असला की माणूस फटीतून कागद सरकवतोच.

शिवाय विल्सनना लिहिणं महागात पडत होतं. १९१७ मध्ये मद्रासचे सर सुब्रमण्यम अय्यर यांनी त्यांना होमरूलसाठी पत्र धाडलं. निवृत्त न्यायमूर्ती, सत्तरी उलटलेले. पत्र इंग्रजांना कळलं, पार्लमेंटात माँटेग्यूंनी त्यांना झोडपलं, आणि म्हाताऱ्याने सर ही पदवी परत केली.

आवकजावक:
हे बरोबर. टिळकांना मी भोळं म्हटलं नाही, पण वाचताना तसं वाटत असेल तर माझ्या लिहिण्याची चूक. भोळे मागच्या वर्षीचे पाहुणे.

मास्तर, आणखी एक. "स्वयंनिर्णय" हा शब्द विल्सन यांनी शांततेसाठी मांडलेल्या चौदा कलमांत नाही. ती ८ जानेवारी १९१८ ची, शब्द त्यांनी वापरला ११ फेब्रुवारीच्या भाषणात. पाहुण्यांनी तेही चुकवलं असणार.

शाळामास्तर:
चुकवलंच होतं. म्हणजे "उत्तर आलं" एवढंच म्हणतो, "वचन दिलं" म्हणत नाही, आणि क्लोज यांचं नाव घेतो. सावरी, अय्यर यांचा किस्साही घेतो, पंधराची वीस मिनिटं झाली तर झाली. काका, त्या आजोबांच्या पाझर तलावाचं पुढे काय झालं?

आवकजावक:
मी निवृत्त झालो तेव्हा फाईल चालू होती.