मदत हवी आहे : मूळ गाठ आकसली, मानेतली नाही, केमोचा अंदाज कसा बांधायचा?

मामांना (वय 61, डिचोली) स्वरयंत्राचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज. आवाजपेटी वाचावी म्हणून आधी टीपीएफ केमो (डोसेटॅक्सेल, सिस्प्लॅटिन आणि 5-एफयू ही तीन औषधं) दिली. दोन सायकलनंतरच्या सीटीत मूळ गाठ 34 मिमीवरून 18 वर आली, मानेतली मात्र 15 ची 14. रिपोर्टवर ‘पार्शल रिस्पॉन्स’, म्हणजे अर्धवट प्रतिसाद. दोन्ही मापांची बेरीज किमान 30 टक्के घटली की तसं लिहितात, एवढं कळलं.

1991 च्या अमेरिकन चाचणीतही दोन सायकलनंतरच निर्णय झाला होता: गाठीने दाद दिली तर तिसरी केमो आणि रेडिएशन, नाहीतर आवाजपेटी काढायचं ऑपरेशन. जवळपास दोनतृतीयांश जणांची आवाजपेटी वाचली, आयुर्मानही ऑपरेशनवाल्यांएवढंच राहिलं. पण मानेतली गाठ हटून बसली तर काय, तिथेच अडलोय.

क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.4 झालंय, त्यामुळे पुढच्या सिस्प्लॅटिनची धास्ती. रेडिएशन बांबोळीलाच (गोवा मेडिकल कॉलेज) सोयीचं. दुसऱ्या मतासाठी मुंबईला एखादी खेप जमेल. काढे, पथ्यं कृपया सुचवू नका.

अशा अर्धवट प्रतिसादात पुढचा अंदाज मूळ गाठीवरून बांधतात की मानेतल्या? आणि स्वरतंतू पुन्हा हलू लागलाय का, हे दुर्बिणीने आत्ताच बघून घ्यावं का?