ट्रेलर शेपूट हलवतो, काय करू?

अमेरिकेतल्या कोलंबसहून, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या पिकनिकचं सामान यंदा आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरमधून न्यायचं ठरलंय. म्हणून आज सगळं भरून, आमच्या ट्रकला जोडून हायवेवर एक चक्कर मारली. पंचावन्न मैलांपर्यंत ठीक होतं. साठच्या पुढे गेलो, शेजारून एक अठरा चाकी ट्रक गेला आणि आमचा ट्रेलर जो मागे झुलायला लागला तो थांबेना. डावीकडे, उजवीकडे, दर वेळी थोडा जास्तच. कसाबसा थांबलो. हात अजून कापतायत.

डीलरने स्वे कंट्रोलचा फ्रिक्शन बार, म्हणजे घर्षणाने झोका आवरणारा दांडा, बसवून दिलाय. ‘आता काळजीच नको’ म्हणाला होता. तो नीट बसवलाय की नाही हे कसं ओळखायचं? की आणखी एक लावून टाकू? दोन आसांचा ट्रेलर आहे, भरल्यावर ट्रक स्टॉपच्या काट्यावर ५,६०० पौंड भरला.

गुहागरचे काका, तुम्ही इथे असताना बारा वर्षं ट्रेलर ओढलात. नेट असेल तर लिहा.

गुहागरहून, रविवार सकाळी

अरे, नेट आहे, वीज नाही. पडवीत बसून फोनवर टाइप करतोय, तेव्हा माझं शुद्धलेखन कोणी काढू नये.

बारचं नंतर बघू. आधी सांग, सामान कुठे भरलंस? पाण्याची टाकी भरलेली आहे का, आणि आसाच्या पुढे आहे की मागे? चाळीस गॅलन म्हणजे ३३० पौंड होतात.

आमच्या लहानपणी इथे घराचे चिरे बैलगाडीतून यायचे. गाडीवान चिरे रचून झाले की जुवाखाली हात घालून गाडी जरा उचलून बघायचा. हाताला हलकी लागली की मागचे दोन चिरे पुढे. मागे जड झालेल्या गाडीला उलाळ म्हणतात. जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, गळ्याखालची दोरी आवळते, मग बैल ओढणार काय? तुझा ट्रेलर उलाळ आहे असा माझा संशय आहे. त्याला ट्रकमागच्या जोडणीच्या बॉलने खाली धरून ठेवलंय म्हणून तो उताणा पडत नाही, झुलतो एवढंच. मोठा ट्रक शेजारून जाताना हवा आधी ढकलतो, मग ओढतो. आसामागे वजन लटकलेलं असलं की तेवढा धक्का पुरतो. मागचं बूड एकीकडे गेलं की परत येताना मधे न थांबता पलीकडे जातं.

आता उचलून बघायचं कसं, तर बाथरूममधला वजनकाटा घे. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लाव, हे विसरू नकोस. एक जाड फळी घे. तिच्या एका टोकाखाली विटांवर लोखंडी नळीचा तुकडा, दुसऱ्या टोकाखाली काट्यावर तसाच तुकडा; दोन नळ्यांत अंतर ३ फूट. फळी आडवी राहील एवढ्याच विटा लाव आणि काट्यावर नुसत्या फळीचं किती येतं ते लिहून ठेव. मग ट्रेलरचं नाक फळीवर टेकव, विटांकडून १ फुटावर, काट्याकडून २ फुटांवर, आणि ट्रेलर जमिनीला समांतर राहू दे. जो आकडा येईल त्यातून फळीचा वजा कर आणि तिप्पट कर. हे तुझं टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं नाक जेवढं खाली दाबतं ते वजन. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे तुझ्या बाबतीत ५६० ते ८४० पौंड. त्याखाली असेल तर दोन सोड, चार बार लावलेस तरी झोका येणारच. बार नुसता घासून झोका आवरतो, वजन काही तो पुढे नेत नाही.

आता बार. ट्रक आणि ट्रेलर सपाट जागी, एका सरळ रेषेत उभे कर. मोठ्या बॉलच्या मध्यापासून ट्रेलरच्या चौकटीवरच्या छोट्या बॉलच्या मध्यापर्यंत टेप लाव. बहुतेक बारना इथे २४ इंच लागतात. ट्रकच्या बाजूचा छोटा बॉल मोठ्या बॉलपासून साडेपाच इंच बाजूला. तुझ्या बारबरोबर आलेल्या पुस्तकात काय लिहिलंय ते ताडून बघ. गॅसच्या सिलिंडरचं कव्हर आड येतं म्हणून मागचा बॉल तीन-चार इंच पुढे सरकवून ठोकलेला मी स्वतः पाहिलाय. सरळ रस्त्यावर काही कळत नाही, कोपऱ्यावर वळलं की सरकता दांडा तळाला भिडतो आणि मग काहीतरी वाकतं. बार जमिनीला समांतर दिसायला हवा. त्या दांड्याला ग्रीस लावू नकोस आणि रंगही देऊ नकोस, तुला हौस फार. सगळा खेळ घर्षणाचा आहे. मोठं हँडल हे चालू-बंद करायला. जोर कमी-जास्त करायचा तो शेजारच्या लहान बोल्टने.

तुझ्या वजनाला एक बार पुरतो. ६,००० पौंडांच्या वर दोन लावायला सांगतात.

रिव्हर्स घेण्याआधी मात्र बार काढून ठेवायचा. हे मी कसं शिकलो ते आमच्या हिला विचारा. कॅम्पग्राउंडवर रात्री दहाला, ही मागे टॉर्च धरून ‘येऊ दे, येऊ दे’ करतेय, मी चाक पूर्ण वळवलेलं, आणि काडकन आवाज. दांडा केळफुलासारखा वाकला होता. ही म्हणाली, ‘मी ट्रेलरला येऊ दे म्हटलं होतं.’

पावसातही बार सैल करायचा. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी, त्यात बार वळायला अडवतो. मग ट्रक वळायच्या ऐवजी सरळ जायला बघतो. आमच्या अंगणातल्या शेवाळावर सध्या माझंही तेच होतंय.

डेटनहून, रविवार दुपारी

काका, तुमचा शब्द खाली पडू देत नाही, पण मोदकांचं मोठं पातेलं, दोन शेगड्या आणि मखर मी स्वतः मागच्या दाराशी लावून घेतलंय. उतरवताना सगळ्यात आधी तेच लागतं. भाऊजी, त्याला हात लावायचा तर यादी बघून लावा. गेल्या वर्षीचं झाकण अजून सापडलेलं नाही.

कोलंबसहून, रविवार रात्री

वहिनी, क्षमा करा, हात लावला. झाकणासकट.

काका, फळीचं वजा करून काट्यावर १३० आले. तिप्पट ३९०. म्हणजे सात टक्के! टाकी आसाच्या मागेच होती आणि काठोकाठ भरलेली. वर बंपरच्या रॅकवर चार सायकली. टाकी रिकामी केली, सायकली ट्रकमध्ये घातल्या, पातेली, शेगड्या आणि मखर पुढच्या पलंगाखाली. परत काट्यावर गेलो: ट्रेलर ५,१२०. फळीवर २१५, तिप्पट ६४५. साडेबारा टक्क्यांच्या आसपास.

बारचं माप २६ इंच भरलं. डीलरला फोन केला तर ‘दोन इंचांनी काय होतंय’ म्हणाला. पुस्तकात २४ लिहिलंय ते वाचून दाखवल्यावर उद्या आणा म्हणाला.

पुढच्या वर्षी असाच ट्रेलर घेऊन कोकणात फिरावं असं मुलं म्हणतायत.

गुहागरहून, सोमवार सकाळी

मुलांना म्हणावं, या, पण एसटीने या. इथे आगरांमधल्या रस्त्याला दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. समोरून एसटी आली की रिक्षाला मागे जावं लागतं. तू चोवीस इंचांचा हिशेब करेपर्यंत मागे चिपळूणपर्यंत रांग लागेल.

डीलरकडे जाशील तेव्हा उभा राहून बघ. नवी भोकं पाडताना चौकटीलगतची वायर आणि गॅसची नळी कुठून गेलीय ते आधी वाकून बघायला सांग. मग ट्रकच्या हिचवरचं, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीवरचं, लेबल वाच, त्यावर टंग वेटची मर्यादा लिहिलेली असते. आता नाक जड केलंस म्हणजे ट्रकचं मागचं बूड बसणार आणि पुढची चाकं हलकी होणार. पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची ट्रेलर न जोडता एकदा मोज, जोडून एकदा मोज. फरक फार असेल तर वजन वाटून देणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यांचं हिच घ्यावं लागेल. किती उंची परत यायला हवी ते ट्रकच्या पुस्तकात मिळेल.

आणि पुन्हा झुललाच, तर ब्रेकवर उभा राहू नकोस, वेगही वाढवू नकोस. चाक सरळ धर, पाय ॲक्सिलरेटरवरून काढ आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर हाताने हळूहळू दाब. नुसता ट्रेलर मागे ओढला गेला की तो आपोआप रेषेत येतो. तो कंट्रोलर हात न शोधता सापडतो का, हे आज गाडी उभी असतानाच बघून घे.

वीज आली. मोटर लावतो, आमचीही टाकी रिकामी आहे.