शब्दचर्चा : नदीतला 'अडथळा', 'परका' मासा आणि माशांची चढण

पाणवठा : अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या महासरोवरांबद्दलचा एक लेख मराठीत आणतेय. तिथल्या नद्यांवरची जुनी धरणं पाडली की स्थानिक माशांना अंडी घालायला वर जाता येतं, पण त्याच वाटेने सी लॅम्प्री हा परजीवी मासाही वर शिरतो. धरण, बंधारा, पाण्यातली पायरी या सगळ्यांसाठी मी 'अडथळा' असा एकच शब्द घेतलाय. बाकी बाहेरून आलेल्या माशांना 'परकी प्रजाती' आणि हवे तेच मासे वर सोडणाऱ्या वाटेला 'निवडक मार्ग'. खटकतंय का काही?

मिशिगनवासी : 'अडथळा' खटकतोय. आपण अडथळा म्हटला की तो दूर करायचाच असतो, वाक्य पुरं व्हायच्या आधीच निकाल लागतो. इथे तर सगळा वाद त्यावरच आहे. वस्तूला सरळ 'बांध' म्हणा, आणि तो जे काम करतो त्याला 'अटकाव'. 'हा बांध लॅम्प्रीला अटकाव करतो, पण स्टर्जनचीही वाट अडवतो' असं लिहिलं की दोन्ही बाजू उभ्या राहतात (स्टर्जन हा इथला मूळचा मासा).

हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण बांध नसला की काय होतं ते या सरोवरांनी भोगलंय. नायगाऱ्याचा धबधबा लॅम्प्रीला चढता येत नव्हता. जहाजांसाठी खोदलेल्या वेलंड कालव्याने धबधब्याला वळसा दिला. 1921 मध्ये लॅम्प्री ईरी सरोवरात सापडला आणि 1930 च्या दशकात ह्युरन, मिशिगन, सुपीरियर अशा तिन्ही सरोवरांत पोचला. त्याला जबडाच नसतो. वाटोळं तोंड, आत दातांची वर्तुळं आणि खरवडणारी जीभ. माशाच्या कुशीला चिकटतो आणि रक्त पितो. एक लॅम्प्री आपल्या आयुष्यात 18 किलोपर्यंत मासे मारू शकतो. लेक ट्राउट या इथल्या माशाची मासेमारी त्यापायी बसली (बेसुमार मासेमारीचाही त्यात वाटा होता). शेवटी 1955 मध्ये दोन्ही देशांनी मिळून ग्रेट लेक्स फिशरी कमिशन नेमलं. 1958 पासून नद्यांत टीएफएम हे औषध सोडतात. नदीच्या गाळात वर्षानुवर्षं राहणारी लॅम्प्रीची पिल्लं त्याने मरतात, इतर बहुतेक मासे त्या मात्रेला तगतात. बांध असला की त्याच्या वरच्या अंगाला हे औषध सोडावंच लागत नाही. मॅनिस्टिक नदीवरचं जुनं धरण झिजून लॅम्प्रीला वाट झाली, आणि ती अख्खी नदी त्यांच्या पैदाशीची जागा होऊन बसली.

भीमाकाठ : 'अटकाव' पटला. 'परकी' मात्र काढा. परकं असणं वेगळं आणि उपद्रवी असणं वेगळं. आमच्या उजनीत चिलापी बाहेरचीच. तिची एक जात 1952 मध्ये भारतात आणली. आज किती घरांची चूल तिच्यावर पेटते! तिला कोळी परकी म्हणत नाहीत, पण तिने गावठी माशांची जागा खाल्ली हेही तेच सांगतात.

मिशिगनवासी : अगदी. इथे कोहो आणि चिनूक सामन 1966-67 मध्ये पॅसिफिककडून मुद्दाम आणून सोडले. तेही परकेच, पण लोकांना हवेसे. आणखी गुंता म्हणजे लॅम्प्रीला उडी मारता येत नाही, सामनला येते. म्हणून खाली वाकलेल्या ओठाचा बुटका बांध घातला की लॅम्प्री खाली राहतो आणि सामन उडी मारून वर जातो. अडकतात कोण? स्टर्जन आणि सकर, म्हणजे इथलेच मूळ रहिवासी, कारण त्यांनाही उडी येत नाही. 'परके रोखणारा बांध' असं लिहिलंत तर ते चुकीचं ठरेल. 'उपद्रवी' किंवा 'आक्रमक' म्हणा. माझं मत 'उपद्रवी'ला.

तळकोकण : 'निवडक मार्ग' वाचून 'निवडक कविता' आठवतात. मुळात माशांच्या वर जाण्याला आपल्याकडे शब्द आहे की! पहिल्या पावसात ओढ्यांना लोंढा आला की गाबोळीने भरलेले मासे उलटे शेतापर्यंत चढतात, ते 'चढणीचे मासे'. रायगडकडे 'वलगणीचे'. 'चढण' घ्या. 'माशांची चढण', 'चढणीची वाट'. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढतात, म्हणजे निदान चढणीच्या वेळी नदी मोकळी असते. तिकडे तसं नाही का करता येत?

मिशिगनवासी : हंगामी बांध आहेत. पण लॅम्प्रीही वसंतातच चढतो आणि सकर, वॉलाय, स्टर्जनही वसंतातच. तारखांवर सोडवता येत नाही, मासा बघूनच सोडावा लागतो. त्यासाठीच ट्रॅव्हर्स सिटीला बोर्डमन नदीवर 'फिशपास' उभं राहतंय, 2024 मध्ये काम सुरू झालं. त्या नदीवरची वरची तीन धरणं 2012, 2017 आणि 2018 मध्ये काढली. सरोवराजवळचा शेवटचा बांध मात्र मोकळा सोडला नाही, त्याच जागी हे येतंय. कोण कसा पोहतो, किती मोठा आहे, कशाच्या वासाने बिचकतो यावरून मासे वेगळे करायचे. मेलेल्या लॅम्प्रीच्या वासाने जिवंत लॅम्प्री मागे फिरतात, त्याचाही उपयोग बघतायत. म्हणून 'निवडक' नको, 'निवडून' हवं. 'निवडून चढण' म्हणा.

मला विचाराल तर हे जमेपर्यंत खालचा बांध पाडू नये. स्टर्जनची नदी अडवून ठेवणं मला सलतं, तरीही. लॅम्प्रीची एक मादी हजारोंनी अंडी घालते. 2020 मध्ये साथीमुळे औषध सोडण्याचं काम आक्रसलं, आणि पुढे लॅम्प्री वाढलेले दिसलेच.

पाणवठा : मग असं लिहू? 'वरचे बांध काढून नदी मोकळी केली. सर्वांत खालचा बांध उपद्रवी लॅम्प्रीला अटकाव म्हणून राखला, आणि तिथे स्थानिक माशांना निवडून चढण देण्याची सोय होत आहे.'

तळकोकण : छान. 'चढण देण्याची'ऐवजी 'चढू देण्याची' करा, चढण मासे आपली आपणच घेतात.

भीमाकाठ : आणि 'लॅम्प्री'चं 'वाम' करू नका कुणी सुचवलं तरी. दिसायला लांबुळका असला तरी वामेला जबडा असतो.