हाताच्या पाठीवर नाणं ठेवून पियानो शिकवायची पद्धत आली कुठून?

रद्दीप्रेमी:
मंडळी, जरा जाणकारांनी सांगा. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दीड वर्ष झालं पियानो शिकतेय (घरी डिजिटलच आहे, खरा पियानो ठेवायला जागा आणि पैसे दोन्ही नाहीत). आधीच्या मॅडम परगावी गेल्या म्हणून नवीन सर लावले, वयस्कर आहेत, तळमळीने शिकवतात, पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात हिच्या पालथ्या हातावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं आणि सांगितलं की नाणं न पडता पाच बोटांचे व्यायाम करायचे, पडलं की पहिल्यापासून. आता ही घरी रियाजाला बसते तेव्हा खांदे कानापर्यंत चढलेले, श्वास रोखलेला, आणि अर्ध्या तासाने म्हणते बाबा मनगट दुखतंय. सरांना विचारलं तर म्हणाले शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात सगळे असेच शिकले म्हणून तर एवढे मोठे वादक झाले, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत.

योगायोग असा की मागच्याच महिन्यात मला रद्दीच्या दुकानात हॅनन आणि चेर्नीची बोटांच्या व्यायामांची दोन जुनी पुस्तकं मिळाली, कडा उंदराने खाल्लेल्या, पण आत कुणीतरी पेन्सिलने प्रत्येक स्वरावर बोटांचे नंबर घातलेत, एका पानावर तर तोच नंबर चार वेळा खोडून परत लिहिलाय. कोण बिचारं होतं देव जाणे. तर प्रश्न एवढाच, की त्या काळात खरंच सगळे असेच शिकवायचे का? की सर दामटून सांगतायत?

काळीचार:
सरांचं निम्मं खरं आहे पण त्यांनी साल चुकवलंय 🙂

नाणं ठेवायची पद्धत जुनी आहे, त्यात वाद नाही. पण ती ज्या पियानोसाठी होती तो पियानोच वेगळा होता. १८०० च्या आसपासचे व्हिएन्नाचे पियानो म्हणजे लाकडी चौकट, हलक्या पट्ट्या, जेमतेम दाबलं की वाजणार, तिथे हात स्थिर ठेवून नुसत्या बोटांनी भागायचं. पुढे लोखंडी फ्रेम आली, तारांचा ताण वाढला, हातोड्या जड झाल्या, पट्टी जास्त खोल जायला लागली, आणि मास्तर लोक मात्र तेच, हात हलवू नका बोटं उचला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हात दुखणाऱ्या, कायमचे अधू झालेल्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी वाढायला लागल्या त्या यातूनच. म्हणजे तुमच्या लेकीचं मनगट दुखतंय त्यात नवीन काही नाही, १९०० साली पण हेच दुखत होतं.

आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गोष्टीवरून जुंपली होती. १९०३ ला लंडनमध्ये टोबायस मॅथेचं 'द ॲक्ट ऑफ टच' आलं, १९०५ ला जर्मनीत ब्राइटहाउप्टचं पुस्तक आलं, दोघांचा सूर साधारण एकच, की बोट एकटं काही करत नाही, त्याच्यामागे कोपर आहे, दंड आहे, खांदा आहे, हाताचं वजन वापरा. सर म्हणतात तो 'शंभर वर्षांपूर्वीचा युरोप' म्हणजे नेमका हा भांडणाचा काळ.

रद्दीप्रेमी:
अरे वा, म्हणजे माझी शंका बरोबर होती. पण मग त्या काळातले सगळ्यात मोठे गुरू कोण? ते काय करायचे?

काळीचार:
मोठा गुरू म्हणाल तर व्हिएन्नाचा लेशेटित्स्की. जन्म १८३०, लहानपणी स्वतः चेर्नीकडे शिकला, आणि चेर्नी बीथोव्हेनचा शिष्य, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर घराणं एकदम थेट. १९१५ साली गेला, शेवटपर्यंत शिकवत होता. त्याच्याकडे पादेरेव्स्की हा पोलिश पियानोवादक वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला, तेव्हा हा म्हणाला आता उशीर झाला बाबा, आणि परत चेर्नीवर बसवलं त्याला. पुढे तो जगभर इतका गाजला की १९१९ मध्ये पोलंडचा पंतप्रधान झाला, आणि तो गाजल्यावर इकडे व्हिएन्नात शिष्यांची रांग लागली, अमेरिकेतून पोरी यायच्या. मार्क ट्वेन १८९७ ते १८९९ सहकुटुंब व्हिएन्नात राहिला त्याचं एक मोठं कारण त्याची मुलगी क्लारा, तिला लेशेटित्स्कीकडे शिकायचं होतं.

आता गंमत बघा. गेल्या गेल्या लेशेटित्स्की भेटायचाच नाही. आधी त्याच्या असिस्टंटकडे जायचं, बहुतेक बायका होत्या त्या, त्या हात 'तयार' करून देणार, कधी कधी वर्षभर, आणि मग गुरूसमोर बसायचं. त्यातल्याच एकीने, मालव्हिन ब्रे तिचं नाव, १९०२ मध्ये 'लेशेटित्स्की पद्धत' म्हणून पुस्तक काढलं, त्यात साहेबांच्या स्वतःच्या हाताचे ४७ फोटो, त्यांचं संमतीचं पत्र, सगळं. आणि हाच माणूस लोकांना सांगायचा की माझी पद्धत वगैरे काही नाही!! मला तर वाटतं दोन्ही खरं होतं. असिस्टंटकडे पद्धत होती, त्याच्याकडे फक्त कान होते. खोलीत दोन पियानो, शिष्य एकावर हा दुसऱ्यावर, एकेका ओळीसाठी तास घालवणार, आणि बुधवारी सगळ्यांनी सगळ्यांसमोर वाजवायचं. श्नाबेल, पुढे मोठा पियानोवादक झाला तो, लहान असताना त्याला म्हणाला, तू नुसता पियानोवादक कधी होणार नाहीस, तू संगीताचा माणूस आहेस. आणि त्याला बाकीच्यांसारखं फ्रान्झ लिस्टच्या रचना वगैरे न देता शूबर्टचे सोनाटा बघायला सांगितले, जे तेव्हा कुणी वाजवत नव्हतं. म्हणजे प्रत्येकाला वेगळं औषध.

ठाण्याची_ताई:
मी घरी पंधरा-सोळा मुलांना शिकवते, कीबोर्ड आणि पियानो दोन्ही. एवढं सगळं सरांच्या विरोधात जाऊ नका हो. नाणं मी पण ठेवते, पण एक मिनिट, आणि खेळ म्हणून. काही मुलं पट्टीवर हात असा आपटतात की बघवत नाही, त्यांना हात शांत कसा असतो ते एकदा कळावं लागतं. अर्धा तास ठेवणं मात्र चूक, आणि दुखत असताना तर अजिबातच नाही, त्या दिवशी बंदच करायचं.

आणि हॅननला नावं ठेवायची फॅशन आहे पण रशियात तोच घोटून घ्यायचे. राखमानिनोव्ह, तो रशियन पियानोवादक-संगीतकार, त्याने १९१३ च्या सुमारास मुलाखतीत सांगितलंय की त्यांच्याकडे विद्यार्थ्याला हॅनन नुसता पाठ नाही, नंबरासकट पाठ. परीक्षक म्हणणार चौदा नंबर, अमुक स्केलमध्ये, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) एवढ्यावर, की लगेच वाजवायचा. आमच्या ग्रेडच्या परीक्षेत पोरांना स्केल विचारले तरी घाम फुटतो.

पेटीमास्तर:
ताई +१. पलटे घोटल्याशिवाय गळा तयार होत नाही तसंच हे. पण पलटे घेताना गुरुजी समोर बसलेले असतात, स्वर जरा हलला की हूं करतात. पुस्तकातून पलटे घेतले की काय होतं ते आपण बघतोच.

अवांतर, पण तारखा बघून गंमत वाटली. तिकडे १९०२-०३ ला ही पुस्तकं निघत होती आणि इकडे १९०१ मध्ये पलुस्करबुवांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, अभ्यासक्रम, नोटेशनची पुस्तकं. आणि आपल्याकडे ज्या बोर्डांच्या ग्रेड देतात त्यातलं एक तर लंडनच्या दोन म्युझिक कॉलेजांनी मिळून १८८९ लाच सुरू केलेलं. म्हणजे गुरूच्या खोलीतून संगीत शाळेत आणायचं खूळ सगळीकडे एकदमच आलेलं दिसतंय. (खूळ प्रेमाने म्हटलंय, मी स्वतः त्यातूनच विशारद झालो.)

बाल्टिमोरकर:
धागा छान चाललाय. दोन गोष्टी टाकतो.

एक म्हणजे नाण्यापेक्षा भारी प्रकार मी स्वतः बघितलाय, इथे एका जुन्या सामानाच्या दुकानात. व्हर्जिल प्रॅक्टिस क्लॅव्हियर. दिसायला छोटा पियानो, पण तारच नाही आत, आवाजच येत नाही! १९०० च्या आगेमागे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये याची हवा होती. पट्टी खाली गेली की टक्, वर आली की टक्, आणि दोन्ही टक् वेगवेगळे चालू-बंद करता येतात. लेगॅटो (स्वर न तोडता जोडून वाजवणं) बरोबर आला का ते असं कळायचं की पहिल्या बोटाची वर यायची टक् आणि दुसऱ्याची खाली जायची टक् एकत्र येऊन एकच ऐकू आली पाहिजे. पट्ट्यांचं वजन पण कमी-जास्त करता यायचं. दुकानातल्यावर मी सा रे ग म वाजवून बघितलं, उंदीर पळत असल्यासारखा आवाज. मुलांना संगीत शिकवायचं आणि त्यातून संगीतच काढून टाकायचं, कल्पना करा. शेजाऱ्यांची मात्र सोय.

पण त्या काळचा धंदा केवढा होता ते लक्षात घ्या. १९०९ या एका वर्षात अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त पियानो तयार झाले, देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आसपास. ग्रामोफोन अजून घरोघर नाही, रेडिओ तर नाहीच, घरात गाणं पाहिजे तर कुणीतरी वाजवायला पाहिजे, आणि ते कुणीतरी म्हणजे घरातली मुलगी. एवढ्या मुलींना शिकवणार कोण, तर दुसऱ्या मुली, ज्या स्वतः चार-पाच वर्षं शिकलेल्या. त्यांच्या हातात पुस्तक, नाणं आणि मेट्रोनोम, दुसरं काय असणार. आणि त्याच सुमारास प्लेयर पियानो आला, कागदाचा रोल घाला की आपोआप वाजतो. सूझा, तो बँडवाला, त्याने १९०६ मध्येच बोंब मारली होती की या यंत्रांमुळे घरात कुणी शिकायलाच बसणार नाही. आता रील्सबद्दल आपण जे बोलतो तेच.

दुसरी गोष्ट, काळीचार यांनी वजनवाल्यांना जरा जास्तच मार्क दिले. इथल्याच पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत ऑटो ऑर्टमन होता, त्याने प्रयोगशाळा काढून वादकांच्या हातांची मोजमापं घेतली आणि १९२९ मध्ये पुस्तक काढलं. त्यात दिसलं की 'हात पूर्ण सैल सोडा' हे पण थोतांडच, जलद वाजवताना स्नायू आवळावेच लागतात, फक्त योग्य वेळी आवळून योग्य वेळी सोडायचे.

काळीचार:
बाल्टिमोरकर, मान्य. ब्राइटहाउप्टच्या नादाने बरेच जण हात लोंबकळत ठेवून वाजवायला लागले होते हे खरंय. मॅथेचा पण घोटाळा झालाच. तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक, भाषा इतकी किचकट की वाचणारे अर्ध्यात सोडायचे, आणि त्याने कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आतून फिरतो असं लिहिलं तर लोक खरंच किल्ली फिरवल्यासारखे हात हलवायला लागले. शेवटी १९३२ मध्ये त्याला आणखी एक पुस्तक लिहून सांगावं लागलं की बाबांनो हे बहुतेक दिसत नाही, आतल्या आत होतं. पण समोर बसून शिकवायला माणूस सोन्यासारखा असणार, शिष्य त्याला टॉब्स काका म्हणायचे, आणि मायरा हेससारखी वादक त्याच्या हाताखालून निघाली, जी दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीत रोज दुपारचे कार्यक्रम करायची.

रद्दीप्रेमी, त्याची एक गोष्ट मुलीला करून दाखवा. तो म्हणायचा आधी पट्टीचं वजन करा. साधारण पन्नास ग्रॅमला पट्टी खाली जाते, बस, एवढंच लागतं. आणि खऱ्या पियानोत पट्टी तळाला टेकायच्या जरा आधीच हातोडी सुटून तारेकडे गेलेली असते, त्यानंतर तुम्ही कितीही दाबा, आवाजाला काही कळत नाही, फक्त तुमचं मनगट दुखतं. तुमची लेक बहुतेक तेच करतेय, नाणं पडू नये म्हणून पट्टी तळाशी दाबून धरतेय. बघा एकदा बाजूने.

ठाण्याची_ताई:
हे मात्र बरोबर. नखं पांढरी पडतात का बघा, पडत असतील तर दाबून धरतेय.

आणि हो, तिला कंटाळा आला असेल तर डेब्युसी या फ्रेंच संगीतकाराची गंमत सांगा. १९०८ मध्ये त्याने आपल्या छोट्या मुलीसाठी 'चिल्ड्रन्स कॉर्नर' लिहिलं, त्यातला पहिलाच तुकडा या बोटांच्या व्यायामांची टर उडवणारा आहे, पोरगं व्यायाम करता करता मध्येच स्वप्नात जातं आणि शेवटी सुटलो एकदाचे करून पळतं. स्वतः प्रकाशकाला लिहिलं होतं की हा तुकडा रोज सकाळी उपाशीपोटी वाजवायचा 😄 ग्रेड २ ला झेपणार नाही, पण ऐकवा.

रद्दीप्रेमी:
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट देतो.

नखं पांढरी पडतात. ताई, तुम्ही बरोबर.

काल रात्री जेवणानंतर आम्ही पट्टीचं वजन केलं. घरातली सगळी दोन रुपयांची नाणी गोळा केली, मधल्या सा च्या पट्टीच्या टोकावर एकावर एक रचत गेलो. सातला काही नाही, नऊला जरा हलल्यासारखी वाटली, अकरावं ठेवलं आणि पट्टी अलगद खाली गेली, इतकी हळू की आवाज पण आला नाही. मुलगी पाच मिनिटं नुसती ते नाणं काढत होती आणि ठेवत होती. मग म्हणाली एवढंसंच लागतं? आणि वाजवायला बसली, खांदे खाली होते, मी मुद्दाम काही बोललो नाही. सरांशी मंगळवारी बोलणार आहे, नीट, भांडण न करता.

फक्त एक प्रॉब्लेम झालाय. थप्पी कोसळली आणि एक नाणं दोन पट्ट्यांच्या फटीतून आत गेलं. आता एक काळी पट्टी अर्धीच दबते. कसं काढायचं कुणाला माहीत आहे का?

ठाण्याची_ताई:
आधी प्लग काढा. चाकू-बिकू घालू नका फटीत. वॉरंटी आहे का?