जॅकी चॅन आपटतो तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

भाच्याला घेऊन नव्या 'कराटे किड'ला जाऊन आलो. बाहेर पडताना तो म्हणाला, "मामा, हे आजोबा पूर्वी खरंच मारामारी करायचे?" मी तिथेच गार. घरी आल्याआल्या त्याला १९८५च्या 'पोलिस स्टोरी'तला शेवट दाखवला. मॉलच्या वरच्या मजल्यावरून जॅकी खांबावर झेप घेतो आणि दिव्यांच्या माळा फोडत थेट तळाला येतो, तो प्रसंग. भाच्याने तीनदा पाहिला आणि विचारलं, "त्याला लागलं नाही का?"

हा प्रश्न आपल्याला अमिताभच्या बाबतीत कधी पडला नव्हता. म्हणून हा धागा. ब्रूस ली श्रेष्ठ की जॅकी, हा वाद इथे नको, त्यात आमची अख्खी नववी गेली आहे. तुम्ही तो कुठे पाहिलात, कुणाबरोबर, आणि घरी येऊन काय मोडून घेतलंत, तेवढं लिहा.

* * *

इचलकरंजी. आमच्याकडं तेव्हा 'व्हिडिओ' म्हणजे मागाच्या शेडशेजारची पत्र्याची खोली. पुढं सतरंजी, मागं बाकडी, आणि शेजारच्या मागांचा खडखडाट एवढा, की डायलॉग ऐकू यायचाच नाही. तसा तो कुणाला कळत पण नव्हता म्हणा. तिथं 'ड्रंकन मास्टर' बघितला. पिक्चर १९७८चा, आमच्यापर्यंत यायला पाच-सहा वर्षं गेली.

त्यात म्हातारा गुरू त्याला उलटा टांगतो. खाली पाण्याची बादली, वर पायापाशी दुसरी. हातात इवलेसे कप. खालचं पाणी घ्यायचं, पोटाच्या जोरावर वर उठायचं, वरच्या बादलीत ओतायचं, परत खाली. दुसऱ्या दिवशी मळ्यातल्या आंब्याला मी उलटा. कप घरातलेच, पाहुण्यांसाठी ठेवलेले, सोनेरी काठाचे. चार वेळा वर उठलो असेन. पाचव्यांदा दोरी सुटली. माझं मनगट गेलं आणि दोन कप गेले. आई मनगटाचं काही बोलली नाही, कपांचं अजून काढते.

* * *

खांबाबद्दल लिहिलंत म्हणून लिहितो. मी दादरला लहानपणापासून मल्लखांब केला. आमचा खांब लाकडी, गुळगुळीत, वर एरंडेल चोळलेलं. घर्षण कमी होतं, कातडी वाचते. तरी सुरुवातीला मांड्या आणि काखा सोलवटून निघतात, अंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांपुढे तारे. ह्या माणसाने धातूचा खांब धरला, भोवती पेटलेल्या दिव्यांच्या माळा, आणि मधे मांडीची पकड घ्यायला जागाच नाही. म्हणजे सगळा भार पंजांवर. हात भाजले, कंबरेला आणि पाठीला मार बसला. पडद्यावर ती उडी तीनदा दिसते म्हणून लोकांना वाटतं तीन टेक असतील. उडी एकच, कॅमेरे अनेक.

आणि हे अंग आलं कुठून? त्याचे वडील हाँगकाँगमध्ये फ्रेंच राजदूताच्या घरी स्वयंपाकी, आई तिथेच कामाला. वडिलांना कॅनबेराला अमेरिकन दूतावासात नोकरी लागली आणि सात वर्षांचा पोरगा दहा वर्षांच्या कराराने पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाण्या-कसरतींच्या चिनी नाटकाच्या, शाळेत गेला. गुरू यू जिम-युएन. कोलांट्या, तासन् तास हातांवर उभं राहणं, गाणं, आणि चुकलं की वेत. पुढे मारामारीच्या चित्रपटांत नाव काढलेले सॅमो हुंग आणि युएन बियाओ तिथलेच सोबती. आमच्या सरांकडेही छडी होती, पण संध्याकाळी आम्ही घरी जायचो आणि आई वरणभात वाढायची. हा फरक लहान नाही. 'त्या शिस्तीनेच तो घडला' असं कुणी म्हटलं की मला त्या वर्गातली बाकीची मुलं आठवतात.

* * *

आमचे अण्णा त्याला 'जाकीचंद' म्हणायचे. बरीच वर्षं त्यांचा समज होता, मारवाड्याचा मुलगा आहे.

* * *

मी संकलक. मालिकांच्या फायटी कापून पोट भरतो, तेव्हा थोडं धंद्याचं.

आमच्याकडे हिरो अर्ध्या दिवसासाठी येतो. ठोसा एका शॉटमध्ये, तो खाणारा दुसऱ्या शॉटमध्ये, मधे कॅमेरा हलवायचा आणि 'ढिश्श' टाकायचं. बघणाऱ्याला काहीतरी झालं एवढंच कळतं. जॅकीच्या हाँगकाँगच्या चित्रपटांत मारणारा आणि मार खाणारा एकाच चौकटीत असतात, कॅमेरा लांब आणि शांत. कट असलाच तर आणखी एक गंमत. आघाताच्या दोन-तीन फ्रेम दुसऱ्या शॉटमध्ये पुन्हा येतात. कटनंतर डोळ्याला सावरायला क्षणभर लागतो, त्यात ठोसा हरवू नये म्हणून. सलग बघताना कळत नाही. मी एकदा रात्री फ्रेम मोजत बसलो तेव्हा कळलं, आणि माझ्या दहा वर्षांच्या कामाची लाज वाटली.

'रश अवर'ने १९९८ मध्ये तो अमेरिकेत मोठा झाला, पण मारामारी माझ्या मते तिथेच पातळ झाली. हाँगकाँगमध्ये एका फायटीवर महिने घालवायची मुभा होती, तिथे घड्याळ दुसऱ्याचं.

* * *

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. माझ्या टेबलावर दर उन्हाळ्यात दोन-तीन असे वीर येतातच. गच्चीवरून गच्चीवर, कंपाउंडवरून गाडीवर. घोटा सुजून टम्म.

वीरांनो, 'रंबल इन द ब्रॉन्क्स'मध्ये हॉवरक्राफ्टवर उडी मारताना त्याचा घोटा मोडला. (नाव ब्रॉन्क्स, चित्रीकरण व्हँकुवरचं, मागे डोंगर दिसतात.) प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून त्याने उरलेलं काम केलं. १९८६च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात भिंतीवरून झाडावर उडी होती. पहिला टेक ठीक झाला होता. त्याला आणखी चांगला हवा होता. फांदी तुटली, डोकं खडकावर, कवटी फुटली, मेंदूची शस्त्रक्रिया. तिथे आजही प्लास्टिकची बूच आहे. चित्रपटात त्याचे केस मधेच लांब होतात ते यामुळे.

मला तो आवडतो, खूप आवडतो. पण पेशंटला मी हे किस्से सांगत नाही. पोरं त्यातलं प्लास्टिक विसरतात, उडी लक्षात ठेवतात.

* * *

नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं हाँगकाँगला आहे. पहिल्या आठवड्यात चिम शा चुईला समुद्राकाठी जाऊन त्याच्या पंजाच्या ठशावर हात ठेवला, फोटो काढला, सासरच्या ग्रुपवर टाकला. सोमवारी ऑफिसात कौतुकाने दाखवला तर शेजारची मुलगी नुसतं "हं" म्हणाली.

नंतर हळूहळू उलगडलं. इथे तो जॅकी नाहीच, सिंग लुंग. जॅकी हे नावही तरुणपणी कॅनबेरात बांधकामावर असताना पडलेलं. तिथल्या जॅक नावाच्या कामगाराने त्याला हाताखाली घेतलं, म्हणून हा 'छोटा जॅक'. इथल्या कित्येकांच्या मनातून तो उतरला आहे. २००९ मध्ये एका परिषदेत तो म्हणाला होता की फार स्वातंत्र्य चांगलं की नाही, कोण जाणे, चिनी माणसांना थोडं नियंत्रण लागतंच. तरुण मुलं ते विसरलेली नाहीत.

पण त्याच मुलीच्या घरी नववर्षाला जेवायला गेले, तर टीव्हीवर त्याचा 'प्रोजेक्ट ए'. घड्याळाच्या मनोऱ्यावरून तो कापडी छतं फाडत खाली येतो ते सुरू झालं आणि सगळं घर जेवण थांबवून बघत बसलं. तीसुद्धा. हातात चॉपस्टिक तशीच.

* * *

सांगलीला बाबांची कॅसेट लायब्ररी होती, त्यामुळे माझा अनुभव काउंटरच्या आतल्या बाजूचा.

हिंदी पिक्चरची कॅसेट सुरुवातीला झिजायची. लोक लावून बघायचे, नाही आवडली की बदलून न्यायचे. जॅकीची कॅसेट शेवटी झिजायची. पिक्चर संपल्यावर फसलेले शॉट येतात ना, ते. ही युक्ती त्याला १९८१च्या 'कॅननबॉल रन'मध्ये सापडली. त्या अमेरिकी चित्रपटात त्याचं छोटं काम होतं. तिथे शेवटी हसताना चुकलेले संवाद होते. ह्याने आपल्या चित्रपटांत त्या जागी स्ट्रेचर आणि रक्त दाखवलं.

आमची गिऱ्हाइकं तेवढंच मागे-पुढे करून बघायची. टेपवर त्या जागी पांढऱ्या रेघा यायच्या, चित्र थरथरायचं. कॅसेट परत आली की बाबा ती मशीनमध्ये घालून आधी शेवट लावायचे. मला वाटायचं, रेघा किती वाढल्या ते तपासतायत. एकदा दुपारी मी मागून आलो तर दुकानात कुणी नव्हतं, आणि बाबा रिवाइंडचं बटण दाबून धरून बसले होते.