लॅपटॉप मंदावला तर आधी रॅम बघा

पन्नास-पंचावन्न हजारांचा लॅपटॉप वर्षभरात रडायला लागतो, ही तक्रार रास्त आहे, पण दोष बहुतेकदा प्रोसेसरचा नसतो. या किमतीत बऱ्याचदा 8 जीबी रॅमची, म्हणजे चालू कामाचा डेटा ठेवणाऱ्या मेमरीची, एकच पट्टी येते. ती एकाच चॅनेलवर, म्हणजे डेटा ने-आण करण्याच्या एकाच मार्गावर चालते, शिवाय प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्यातूनच आपला वाटा उचलतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘स्लॉट्स युज्ड’समोर दोनांपैकी एक दिसलं तर त्याच प्रकारची आणि वेगाची आणखी 8 जीबी टाका, डीडीआर4 च्या खाचेत डीडीआर5 बसत नाही. मात्र काही मॉडेलांत बोर्डावर डाखलेली रॅमही स्लॉट म्हणून मोजली जाते, म्हणून पट्टी घेण्याआधी मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघाच.

बॅटरीचं अंदाजाने बोलू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत द्या, स्लॅशआधी एक स्पेस. तयार झालेल्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ 50,000 आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ 35,000 असेल, तर 70 टक्केच बॅटरी उरली. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा 80 टक्के ठेवावी. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगल्याची शक्यता मोठी. वापर तिथेच थांबवा.

पडद्याला मात्र इलाज नाही. 250 निट्स (पडद्याची उजळता) आणि 45 टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग फिकेच दिसणार, आणि खिडकीजवळ बसलात तर तेही धड नाहीत.